पिंपातील अळ्या आणि सुगंधी तेले

भात निसवण्याच्या सुमारास, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, भिवंडी तालुक्यात पावसाची झड ओसरते आणि डासांची झड सुरू होते. कामवारी नदीकाठची सखल जमीन, अनगाव, पडघा, खारबाव या बाजूची भाताची खाचरे आणि शहराच्या अंगाने वाढलेल्या माग-कारखान्यांच्या व गोदामांच्या वस्त्या, अशा तिन्ही ठिकाणी पाणी साचते. परंतु ते पाणी एकसारखे नसते व त्यात वाढणारा डासही एक नसतो. गटाराच्या घाण पाण्यात हत्तीपाय रोगाचा प्रसार करणारा क्यूलेक्स वाढतो. नळाचे पाणी रोज येईल याचा भरवसा नसल्यामुळे घरोघर भरून ठेवलेल्या पिंपांत व रांजणांत डेंगीचा एडिस वाढतो. इमारतींच्या टाक्यांत व विहिरींत शहरी हिवतापाचा ॲनोफिलीस अंडी घालतो. खाचरातील उथळ, उन्हाने तापलेले पाणी क्यूलेक्सच्या आणखी काही जाती व काही ॲनोफिलीस यांना मानवते. डास घालवावयाचे असतील तर प्रथम पाणी कोणते ते पाहावे लागते, असे म्हणतात ते यामुळेच.

अलीकडे गावोगावच्या सभांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. डासांच्या अळ्या मारण्यासाठी रासायनिक औषधाऐवजी गवती चहाचे, लवंगेचे किंवा ओव्याचे तेल वापरले तर चालणार नाही काय? बांधावर गवती चहा असतोच, परसात तुळस असते, माळावर निलगिरी असते. मग पैसे कशाला घालवावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येण्यासारखे नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अर्धवट माहितीवर ‘होय’ म्हटले तर पिंपात तेल पडेल, अळ्या दोन दिवसांनी पुन्हा दिसतील आणि त्याच घरात पुढच्या पंधरवड्यात कोणी तापाने आडवे पडेल.

सुगंधी तेल म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. तिळाचे, करडईचे किंवा निंबोळीचे तेल घाण्यावर बी दाबून निघते. कागदावर त्याचा थेंब टाकला तर डाग कायम राहतो. हे स्थिर तेल होय. गवती चहाचे तेल असे निघत नाही. पाला मोठ्या भांड्यात भरून त्यातून वाफ सोडावी लागते, वाफेबरोबर तेल वर येते आणि नळीत थंड होऊन पाण्यावर तरंगते. याला ऊर्ध्वपातन म्हणतात. या तेलाचा थेंब कागदावर टाकला तर काही वेळाने डाग उडून जातो व केवळ वास उरतो. वनस्पती ही तेले आपल्या संरक्षणासाठी तयार करते. गवती चहात सिट्राल, ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल, निलगिरीत सिनिओल हे मुख्य द्रव्य असते आणि पाने कुरतडणाऱ्या कित्येक कीटकांना ते सोसत नाही.

या धंद्याशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. खानदेशच्या डोंगरांतील रोशा गवताचे तेल रानातच भट्ट्या लावून काढीत असत. ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टॅन्टिनोपलपर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. युरोपातील व्यापारी त्याला तुर्की तेल समजत. ते खानदेशच्या माळावरचे आहे हे पुष्कळांच्या गावीही नव्हते. या तेलातील जिरॅनिऑल हे द्रव्यही डास दूर ठेवणाऱ्या द्रव्यांत मोडते.

वनस्पतिजन्य औषधांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष पुन्हा वळले, त्यालाही कारण घडले. १९४५-४६ च्या सुमारास जुन्या मुंबई प्रांतात, धारवाड व कारवार बाजूच्या गावांत, डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली डी.डी.टी.ची फवारणी मोठ्या प्रमाणावर झाली आणि हिवताप झपाट्याने हटला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याला निर्मूलनाचे रूप आले. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या सुमारे १ लाखापर्यंत उतरली होती. तीच १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेली. कामातील शिथिलता हे एक कारण होते, परंतु डासांनी औषध पचविण्याची शक्ती मिळविली हेही तितकेच खरे होते. एकाच विषावर विसंबून राहणे धोक्याचे ठरले. तेव्हापासून मासे, जिवाणू व वनस्पती या तिन्ही दिशांनी शोध चालू आहे.

या शोधात सुगंधी तेलांची परीक्षा जगभर झाली आहे. परीक्षेची रीत सर्वत्र जवळपास एकच असते. पाव लिटर पाण्यात २५ मोठ्या अळ्या सोडतात, ठरलेल्या प्रमाणात तेल मिसळतात आणि २४ तासांनी किती मेल्या ते मोजतात. त्याच वेळी दुसऱ्या भांड्यात तेलाशिवाय तितक्याच अळ्या ठेवतात, म्हणजे आपोआप मेलेल्या अळ्यांचे श्रेय तेलाला दिले जात नाही. निम्म्या अळ्या मारण्यास लागणारी मात्रा निरनिराळ्या तेलांच्या बाबतीत साधारणतः दर लिटर पाण्यास २० ते १०० मिलीग्रॅमच्या आसपास येते. काही तेलांना याहूनही अधिक लागते. ओव्याच्या तेलासाठी हा आकडा एका भारतीय परीक्षेत ८० मिलीग्रॅमच्या आसपास आला, तर त्यातून वेगळ्या काढलेल्या थायमॉलसाठी ५० च्या आत. तेव्हा सुगंधी तेलाने अळ्या मरतात काय, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘मरतात’ असे आहे.

आता पिंपाकडे वळावे. घरातील सामान्य पिंप २०० लिटरचे असते. निम्म्या अळ्या मारून भागत नाही, सर्व मेल्या पाहिजेत. म्हणून मात्रा दर लिटरला १०० मिलीग्रॅम धरू. म्हणजे एका पिंपाला २० ग्रॅम तेल लागले. गवती चहाच्या ताज्या पाल्यातून शेकडा ०·३ ते ०·४ इतकेच तेल निघते. सबब २० ग्रॅम तेलासाठी ५ ते ७ किलो पाला भट्टीत घालावा लागेल. आणि हे एकदा करून भागत नाही. अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेत ७ ते १० दिवस पुरतात, म्हणून निदान आठवड्यातून एकदा तरी मात्रा द्यावीच लागेल. घरात दोन पिंपे असली तर महिन्याला ४० ते ५५ किलो पाला झाला. याउलट आरोग्य खात्याकडून वापरले जाणारे टेमेफॉस दर लिटरला १ मिलीग्रॅम पुरते. म्हणजे त्याच पिंपाला ०·२ ग्रॅम. शंभरपटीचा हा फरक भाषणात सहज झाकला जातो, वजनकाट्यावर मात्र झाकत नाही.

खाचराचा हिशेब याहून बोलका आहे. एक गुंठा खाचरात चार बोटे, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर पाणी उभे असेल तर ते १०,००० लिटर भरते. त्यास १ किलो तेल लागेल. एक एकराला ४० किलो. गवती चहाच्या एक एकर चांगल्या लागवडीतून वर्षभरात निघणारे तेलही साधारण याच सुमाराचे असते. एका एकरातील अळ्या एकदा मारण्यासाठी दुसऱ्या एकराचे वर्षाचे उत्पन्न पाण्यात ओतावे, असा सल्ला कोणताही शहाणा शेतकरी मानणार नाही. आणि पावसाची एक सर आली की खाचर भरून ते तेल वाहून जाणार, हे वेगळेच.

दुसरी अडचण तेलाच्या स्वभावातच आहे. जो गुण सुगंधी तेलाला वास देतो तोच त्याला टिकू देत नाही. उघड्या पिंपावर टाकलेले गवती चहाचे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते व ऊन लागले की उडू लागते. लवंगेचे तेल तर पाण्यापेक्षा जड असते. नुसते ओतले तर तळाशी थेंब होऊन बसते आणि वरच्या अळ्या वळवळत राहतात. प्रयोगशाळेत ते आधी अल्कोहोलसारख्या द्रवात विरघळवून पाण्यात नीट मिसळलेले असते, ही गोष्ट वर्तमानपत्रातील बातमीत सहसा येत नाही. नीट मिसळले तरी त्याचा जोर एक-दोन दिवसांत ओसरू लागतो. तेल सूक्ष्म कवचात कोंडून ते सावकाश सुटावे यासाठी संशोधन चालू आहे, परंतु तो अद्याप शेतकऱ्याच्या घरी करण्याजोगा मार्ग नव्हे.

वनस्पतीचे औषध टिकत नसल्याचा हा पहिलाच अनुभव नव्हे. पायरेथ्रम हे शेवंतीच्या जातीतील एका फुलाचे औषध डासांवर फार गुणकारी ठरले, पण उन्हात ते टिकेना. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या घडणीवरून कृत्रिम पायरेथ्रॉइड तयार केली. मच्छरदाणीवर व डासांच्या अगरबत्तीत आज जे वापरतात ते बहुतांशी हेच.

तिसरी गोष्ट अधिक जपून सांगण्यासारखी आहे. ‘झाडाचे आहे, म्हणून निरुपद्रवी आहे’ ही समजूत ठाणे जिल्ह्यातील माणसाने तरी बाळगू नये. गेळ्याची फळे कुटून डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात, हे रानावनात राहणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल मत्स्यशास्त्रज्ञ माशांना भूल देण्यासाठीच वापरतात. मात्रा वाढली तर मासा मरतो. तेव्हा ज्या विहिरीत किंवा हौदात गप्पी मासे सोडले आहेत तेथे असले तेल टाकणे म्हणजे आपल्याच राखणदाराला मारणे होय. अळ्या पुन्हा होतील, मासे पुन्हा होणार नाहीत. पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्यात सुगंधी तेल टाकूच नये. निलगिरीसारखी तेले लहान मुलाच्या पोटात थोडीदेखील गेली तर विषबाधा होते. त्यांची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

मग या तेलांना काही स्थान आहे की नाही? आहे, पण ते लहान आहे. जे पाणी थोडे आहे, जे पिण्यात येत नाही आणि जे ओतून देता येत नाही, अशा ठिकाणी साबणाच्या पाण्यात घुसळलेले तेल वापरून पाहावयास हरकत नाही. झाडाच्या ढोलीत साचलेले वाटीभर पाणी, तोडलेल्या बांबूच्या पोकळ बुंध्यातील पाणी, दगडी जोत्याच्या खळगीतील पाणी ही त्याची उदाहरणे होत. खरे पाहता ढोलीत व बुंध्यात माती भरून टाकणे त्याहून सोपे आहे. अंगाला लावण्यासाठी गवती चहाचे तेल खोबरेल तेलात मिसळून वापरतात. त्याने डास तास-दोन तास दूर राहतो, रात्रभर नव्हे. गवती चहाची लागवड करावयाची ती साबण व अत्तराच्या बाजारासाठी करावी, गावच्या डासांसाठी नको.

निंबोळीचे तेल हे सुगंधी तेलांत मोडत नाही, ते स्थिर तेल आहे. परंतु त्याचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही, कारण अळ्यांच्या बाबतीत झाडाच्या तेलाकडून जी अपेक्षा शेतकरी धरतो ती बऱ्याच अंशी हेच पुरी करते. त्यातील अझाडिरॅक्टिन अळीच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. अळी लगेच मरत नाही, पण तिचा डास होत नाही. दिल्लीच्या हिवताप संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी लाकडाच्या भुशाचे गोळे निंबोळीच्या तेलात भिजवून पाण्याच्या टाक्यांत सोडले. त्या टाक्यांत ४५ दिवसांपर्यंत ॲनोफिलीस व एडिस यांची पैदास आटोक्यात राहिली, असे त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. शेकडा ५ तेल असलेले निंबोळी तेल व पाण्याचे दुधी मिश्रण दर चौरस मीटरला ५० मिलिलिटर या प्रमाणात डबक्यांवर व टाक्यांत वापरूनही अळ्यांत लक्षणीय घट आढळली. घरगुती प्रमाण असे धरावे: १ लिटर पाण्यात थोडा साबण विरघळवावा, त्यात ५० मिलिलिटर निंबोळी तेल घालून दुधासारखे होईपर्यंत घुसळावे व लगेच फवारावे. सांडपाण्याचे डबके, न वाहणारी मोरी, गोठ्यामागचा खड्डा यांसाठी हे योग्य होय. पिण्याच्या पाण्यासाठी हेही नव्हे; एक तर ते कडू होते, आणि त्याचा वास गुरांनाही आवडत नाही.

भिवंडीच्या दमट हवेत कडुनिंब घाटावरच्याइतका फोफावत नाही, हे खरे. परंतु ओढ्याकाठी करंज विपुल आहे. त्याच्या तेलाचाही अळ्यांवर परिणाम होतो, जरी त्यावर निंबोळीइतके काम झालेले नाही. पूर्वी दिव्याला लागणारे हे तेल आज कोणी विचारीत नाही आणि शेंगा झाडाखाली कुजून जातात.

भातखाचरासाठी तेलाऐवजी पेंडीचा विचार करावा. मदुराई येथील वैद्यकीय कीटकशास्त्र संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील तज्ज्ञाच्या सहकार्याने तमिळनाडूतील खाचरांत निंबोळी पेंडीचा प्रयोग केला व १९९२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेक्टरी ५०० किलो या प्रमाणात पेंडीची भुकटी, नुसती अथवा युरियाबरोबर, टाकली असता खाचरातील क्यूलेक्सच्या मोठ्या अळ्या व कोष फार कमी झाले. त्याला पाणी आलटूनपालटून देण्याची जोड दिली तेव्हा परिणाम आणखी चांगला झाला. हेक्टरी ५०० किलो म्हणजे गुंठ्याला ५ किलो. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, हा खर्च केवळ डासांसाठी करावयाचा नाही. पेंड हे मुळातच खत आहे, ती युरियातील नत्र सावकाश सुटू देते आणि भाताला त्याचा लाभ मिळतो. अळ्या मरतात तो वरकड फायदा. १२ महिने घाम गाळणाऱ्या शेतकऱ्याने डासांसाठी वेगळा पैसा टाकावा ही अपेक्षा फोल आहे, पण भातासाठी टाकलेल्या पैशात डासही आवरला जात असेल तर तो नको म्हणणार नाही.

एका गैरसमजाचा खुलासा केला पाहिजे. २०१५ पासून देशात शेतीसाठी विकला जाणारा बहुतेक युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. म्हणून खाचरात युरिया टाकला की अळ्यांचे काम झाले, असे काही जण सांगतात. त्या लेपातील तेल अत्यल्प असते व ते नत्र वाया जाऊ नये यासाठी असते. पेंडीचे काम तो लेप करीत नाही. पाणी आलटूनपालटून देणेही खरिपात, आभाळच पाणी देत असताना, भिवंडीच्या शेतकऱ्याच्या हाती नसते. जेथे कालव्यावर उन्हाळी भात होते तेथे मात्र ते साधते. दर आठवड्याला एखादा दिवस खाचर ओलसर राहील इतपत पाणी काढून टाकावे. अळीला चिखलात फार काळ जगता येत नाही.

घरातील पिंपासाठी जे करावयाचे ते तेलाविना करावयाचे आहे. आठवड्यातील एक वार ठरवून पिंप पूर्ण रिकामे करावे आणि आतील बाजू नारळाच्या शेंडीने किंवा काथ्याने खसखसून घासावी. नुसते पाणी ओतून पुन्हा भरू नये. एडिसची मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटवते व ती अंडी कित्येक महिने कोरडी राहूनही जगतात. पाणी वर चढले की फुटतात. घासल्याशिवाय ती निघत नाहीत. मग पिंपावर दाट विणीचे फडके दोरीने घट्ट बांधावे. भिवंडीत जुन्या धोतराला किंवा मागावरच्या तुकड्याला तोटा नाही. जेथे पाण्याच्या टंचाईमुळे पिंप ओतून देणे जिवावर येते, तेथे पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे, पिंप घासावे व तेच पाणी परत भरावे. फडक्यावर राहिलेल्या अळ्या उन्हात कोरड्या जमिनीवर झटकाव्यात.

हे सर्व सभेत सांगण्यापेक्षा दाखविणे बरे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने शाळेत किंवा चावडीवर काचेचे तीन पेले मांडावेत. तिन्हींत एकाच पिंपातले पाणी पाव-पाव लिटर घ्यावे व प्रत्येकात मोजून १० मोठ्या अळ्या सोडाव्यात. पहिल्यात काही टाकू नये. दुसऱ्यात साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकावेत. तिसऱ्यात तितक्याच साबणाच्या पाण्यात घुसळलेले गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब टाकावेत. दुसरा पेला अत्यावश्यक आहे. तो नसेल तर साबणाने मेलेली अळी तेलाच्या नावावर जमा होते. पेल्यांवर फडके बांधून ते उन्हाबाहेर ठेवावेत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मंडळींच्या देखत मोजणी करावी. तिसऱ्या पेल्यातील बहुतेक अळ्या तळाशी निश्चल पडलेल्या दिसतील व सभेत समाधानाची कुजबुज होईल. तेथे प्रयोग संपवू नये.

मेलेल्या अळ्या काढून टाकाव्यात आणि तोच तिसरा पेला, पाणी न बदलता, फडके काढून तीन दिवस खिडकीशी उघडा ठेवावा. चौथ्या दिवशी त्यात नव्या १० अळ्या सोडाव्यात आणि २४ तासांनी पुन्हा मोजाव्यात. त्या दिवशी जे आकडे निघतील ते पहिल्या दिवसाच्या आकड्यांशेजारी फळ्यावर लिहावेत व गावकऱ्यांना वाचू द्यावेत. प्रयोग झाल्यावर तिन्ही पेल्यांतील पाणी गटारात न ओतता कोरड्या, तापलेल्या मातीवर ओतावे. पहिल्या पेल्यात तोपर्यंत कोष झालेले असतील आणि एक दिवस उशीर झाला तर फडक्याखाली डास फिरताना दिसतील.